पेरू आणि सफरचंद : पोषणाच्या दृष्टीने एक विचार

देवापुढे ठेवावयाचे फळ असो अथवा आजाऱ्याच्या भेटीस जाताना न्यावयाचे फळ असो, आपल्या घरांतून अलीकडे सफरचंदालाच पहिला मान मिळू लागला आहे. पेरू मात्र मुलांनी परसात तोडून, तिखटमीठ लावून खावयाचे फळ ठरला आहे. पेरू नेला तर लोक काय म्हणतील, असा संकोच पुष्कळांच्या मनात असतो. मंदिरात पूजेची तबके लावण्याचे काम आमच्याकडे असल्यामुळे हा फरक आम्ही नित्य पाहतो. सणावारी तबकात सफरचंद वर, सर्वांच्या दृष्टीस पडेल असे ठेवलेले असते. आणि पेरू असलाच तर तो केळ्यांच्या फणीआड असतो.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु घरातील बायकामुलांच्या प्रकृतीशी आणि संसाराच्या खर्चाशी त्याचा निकट संबंध आहे. बाळंतिणीच्या अंगी रक्त भरावे म्हणून उसनवारी करून सफरचंदे आणणारी कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत. आणि त्याच घरांच्या अंगणात पिकलेले पेरू पाखरांनी टोचून खाली पडत असतात. म्हणून या दोन फळांची, कोणाचाही कैवार न घेता, तुलना करावी असे आम्ही योजिले आहे.

दोन्ही फळांचे कूळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेरू हे गावठी व सफरचंद हे परदेशी, असे आपण समजतो. वस्तुतः पेरूदेखील बाहेरूनच आलेला आहे. त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात असून पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्या देशात आला आणि येथील माती व हवा मानवल्यामुळे येथलाच होऊन गेला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो जांभळाच्या कुळातील आहे. आपल्या भागात व विदर्भात मराठी माणसे त्याला जांब म्हणतात, तर हिंदी बोलणारे शेजारी अमरूद किंवा बिही म्हणतात. इतकी नावे ज्याला मिळाली तो पाहुणा राहिला नाही, हे उघड आहे.

पेरूच्या सुधारणेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. लखनौ-४९ अथवा सरदार या नावाने जी प्रसिद्ध जात देशभर लावली जाते, तिची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात झाली. अलाहाबाद सफेदा या जातीच्या रोपांतून ती निवडून काढण्यात आली. नाव लखनौचे असले तरी तिची पारख पुण्यास झाली, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सफरचंदाचे रानटी पूर्वज मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानकडील डोंगरात आढळतात. त्याच्या झाडाला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. म्हणून आपल्या देशात ते मुख्यत्वे काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथेच पिकते. हिमाचलातील कोटगढ भागात १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी डिलिशस जातीची झाडे लावली, आणि तेथून त्या प्रांताच्या बागायतीला नवे वळण लागले. हेच गृहस्थ पुढे हिंदुधर्म स्वीकारून सत्यानंद या नावाने ओळखले जाऊ लागले.

बालाघाटच्या हवेत सफरचंदाला हवी तशी थंडी पडत नाही. त्यामुळे आपल्या बाजारात येणारे प्रत्येक सफरचंद शेकडो कोसांचा प्रवास करून आलेले असते. पहाडात त्याचा मुख्य तोडा श्रावण-भाद्रपदापासून आश्विन-कार्तिकापर्यंत होतो. उन्हाळ्यात आपणांस मिळणारे देशी सफरचंद कित्येक महिने शीतगृहात राहिलेले असते. त्यात वाईट असे काही नाही, कारण सफरचंद टिकाऊ फळ आहे. मात्र प्रवास, साठवण आणि मधल्या हातांचा नफा हे सर्व त्याच्या किमतीत मिळालेले असते. आपण अधिक दाम मोजतो ते बव्हंशी या गोष्टींचे. त्या दामाने फळातील सत्त्व वाढत नाही.

आकड्यांची साक्ष

आता मुख्य विषयाकडे वळू. खाण्याजोग्या शंभर ग्रॅम फळात काय असते, हे आहारशास्त्रज्ञांनी मोजून ठेवलेले आहे. जात, माती व पिकण्याची अवस्था यांप्रमाणे आकडे थोडेफार बदलतात. तरीही पुढील आकडे सर्वसाधारण अनुमानास पुरेसे आहेत.

उष्मांक : पेरू सुमारे ६८, सफरचंद सुमारे ५२
प्रथिने : पेरू अडीच ग्रॅम, सफरचंद पाव ग्रॅम
साखर : पेरू सुमारे ९ ग्रॅम, सफरचंद सुमारे १० ग्रॅम
चोथा (तंतुमय भाग) : पेरू ५ ग्रॅमांहून अधिक, सफरचंद सालीसह सुमारे अडीच ग्रॅम
क जीवनसत्त्व : पेरू २०० मिलिग्रॅमांहून अधिक, सफरचंद ४ ते ५ मिलिग्रॅम
पोटॅशियम : पेरू सुमारे ४०० मिलिग्रॅम, सफरचंद सुमारे १०० मिलिग्रॅम
फोलेट : पेरू सुमारे ५० मायक्रोग्रॅम, सफरचंद सुमारे ३ मायक्रोग्रॅम

हे कोष्टक वाचताना तारतम्य ठेवावे. प्रथिनांत पेरू दसपट दिसतो, परंतु अडीच ग्रॅम प्रथिनांनी कोणाचे पोषण होत नाही. त्यासाठी डाळ, दूध व कडधान्ये यांकडेच वळले पाहिजे. उष्मांकातील फरकही किरकोळ आहे. खरा भेद दोन ठिकाणी आहे : चोथ्यात आणि क जीवनसत्त्वात. चोथ्याने पोट साफ राहते व भूक लवकर लागत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. क जीवनसत्त्वाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

क जीवनसत्त्वाचे महत्त्व

पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना एक भयंकर रोग होत असे. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, दात हालू लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेरीस माणूस दगावे. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील डॉक्टराने अशा बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगवेगळा पदार्थ दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली ते थोड्याच दिवसांत सुधारले. त्या फळांतील गुणकारी द्रव्य कोणते, हे कळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली ते वेगळे काढले, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेच हे क जीवनसत्त्व.

मनुष्याचे शरीर हे द्रव्य स्वतः बनवू शकत नाही व त्याचा मोठा साठाही करून ठेवू शकत नाही. म्हणून ते रोजच्या आहारातून मिळाले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दररोज ८० मिलिग्रॅम व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. अंगावर पाजणाऱ्या मातेला ते याहून बरेच अधिक लागते.

आता वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. मध्यम आकाराच्या पेरूची अर्धी फोड, म्हणजे पन्नास ग्रॅम, खाल्ली तरी पुरुषाची दिवसाची गरज भागून काही उरते. तेवढेच क जीवनसत्त्व केवळ सफरचंदांतून मिळवावयाचे म्हटले, तर एकट्याला दिवसाकाठी सुमारे पावणेदोन किलो सफरचंदे खावी लागतील! असे कोणी करणार नाही आणि करण्याचे कारणही नाही. परंतु भेद किती मोठा आहे, ते यावरून ध्यानात येईल.

आवळा या बाबतीत पेरूच्या पंक्तीला बसणारा आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या जंगलात तो होतोही. परंतु आंबट व तुरट असल्यामुळे लहान मुले तो आवडीने खात नाहीत. पेरूपुढे मात्र मुलांची मनधरणी करावी लागत नाही.

लोहाविषयीचा भ्रम

सफरचंद खाल्ल्याने रक्त वाढते, ही समजूत घरोघरी आहे. तिच्या पुष्ट्यर्थ असे दाखविले जाते की, चिरलेले सफरचंद थोड्या वेळाने तांबूस पडते. म्हणजे त्यात लोखंड आहे व ते गंजते. आम्हीही हे लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु ही समजूत खरी नाही. फोड उघडी पडली म्हणजे फळातील काही द्रव्यांचा हवेशी संयोग होतो, व फळातीलच एका विकरामुळे त्यांना तपकिरी रंग येतो. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवला असता तो काळवंडतो, तोही याच कारणाने. त्याचा लोहाशी संबंध नाही.

सफरचंदात लोह अत्यल्प असते. प्रौढ स्त्रीची दिवसाची लोहाची गरज परिषदेने २९ मिलिग्रॅम ठरविली आहे. दहा किलो सफरचंदे खाल्ली तरी ती पुरी होणार नाही. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, पेरूतही लोह तसेच क्षुल्लक आहे. मग रक्तवाढीच्या दृष्टीने पेरूचा उपयोग कोणता?

उपयोग असा : आपण शाकाहारी माणसे जे लोह खातो ते पालेभाज्या, डाळी, कडधान्ये, बाजरी, तीळ यांतून येते. हे लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यातील बराच भाग तसाच बाहेर पडतो. त्याच जेवणासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले, तर लोहाचे रूप पालटून ते अधिक प्रमाणात रक्तात उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. भाताच्या जेवणासोबत पेरू दिला असता लोहाचे शोषण सुमारे दुपटीने वाढल्याचे त्यात आढळून आले. अन्न तेच, लोह तेच. परंतु सोबत पेरू असल्यामुळे अंगी लागणारा भाग वाढला.

आपला बालाघाट जिल्हा भाताचा आहे. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना वरील प्रयोग जणू आपल्याच ताटावर झाला असे वाटावयास हरकत नाही.

आणि याची गरज किती आहे तेही पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्यप्रदेशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चौपन्नांहून अधिक, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी बहात्तरांहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. हे आकडे दूरच्या कोणाचे नाहीत. आपल्या मंदिरात आरतीला उभ्या राहणाऱ्या माताभगिनी व त्यांच्या कडेवरील मुले यांचाच हा हिशेब आहे. जिन्यावर चढताना लागणारी धाप, पांढुरके ओठ, सदैव वाटणारा थकवा, यांना आपण घरकामाचा शीण म्हणून सोडून देतो. तेथे सफरचंदाच्या भरवशावर राहून दिवस दवडणे हिताचे नाही.

तथापि पेरू हे रक्तक्षयाचे औषध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. रक्त कमी असल्याचा संशय येताच तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या नियमाने घ्याव्या. आपल्या मध्यप्रदेशात सिकलसेलचाही आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. त्या आजारातील रक्तक्षय हा लोहाच्या कमतरतेहून निराळा असतो. म्हणून तपासणीवाचून कोणी आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नये.

सफरचंदाची बाजू

इतके वाचून कोणी सफरचंदाला टाकाऊ समजेल, तर तेही अन्यायाचे होईल. सफरचंदाचे गुण निराळे आहेत. त्याच्या गरातील पेक्टिन नावाचा मऊ चोथा पोटास मानवतो. शिजवून मऊ केलेले सफरचंद अशक्त माणसाला किंवा दात नसलेल्या वृद्धाला सुखाने खाता येते. पेरूच्या बिया त्यांना त्रासदायक होतात. सालीत काही उपयुक्त द्रव्ये असल्यामुळे निरोगी माणसाने ते स्वच्छ धुऊन सालीसह खावे.

मूत्रपिंडाच्या विकाराने ज्यांना पोटॅशियम वर्ज्य सांगितले आहे, त्यांना पेरूपेक्षा सफरचंद अधिक योग्य ठरते. कोष्टकातील जो आकडा निरोगी माणसाच्या दृष्टीने पेरूचा गुण, तोच या रुग्णाच्या बाबतीत दोष होतो. अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच फळ निवडावे. मधुमेही माणसाला दोन्हींपैकी कोणतेही फळ बेताने चालू शकते; मात्र ते चावून खावे, रस काढून पिऊ नये. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी उरते.

शिवाय सफरचंद आठवडेच्या आठवडे टिकते. पिकलेला पेरू दोन-चार दिवसांतच नरम पडतो. दूरच्या प्रवासात किंवा आडगावी जाताना टिकाऊपणाचीही किंमत असतेच.

घरी पाळावयाच्या काही गोष्टी

पेरूचा उत्तम हंगाम म्हणजे हिवाळा. मृगाच्या सुमारास झाड फुलले म्हणजे मार्गशीर्षापासून माघापर्यंत फळ उतरते. ते गोड, घट्ट व क जीवनसत्त्वाने समृद्ध असते. पावसाळ्यातील पेरू पाणचट असतो व त्यात अळ्या पडतात. तो चिरून, पाहून मगच खावा.

पेरू जेवणासोबत किंवा जेवण होताच खावा. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र सोडावी. चहाने लोहाचे शोषण कमी होते, आणि पेरूने दिलेले चहा हिरावून घेतो. तासाभराने चहा घेण्यास हरकत नाही.

क जीवनसत्त्व उष्णतेने व उघड्या हवेने नाश पावते. म्हणून फळ आयत्या वेळी चिरावे, चिरून तासन्‌तास ठेवू नये. पेरूवर मीठ भुरभुरणे बहुतेकांना आवडते. रक्तदाब वाढलेल्या माणसांनी हा मोह आवरावा. अगदी लहान मुलांना कच्च्या सफरचंदाचे कडक तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. सफरचंद वाफवून किंवा किसून, व पेरूचा गर बिया काढून द्यावा.

पोषणाच्या प्रचलित शिफारशीप्रमाणे माणशी दररोज सुमारे शंभर ग्रॅम फळ असावे. पाच माणसांच्या घरात सफरचंदांनी हा नियम पाळावयाचा म्हटला, तर महिन्याचा हिशेब कोलमडेल आणि शेवटी फळ खाणेच थांबेल. हंगामात पेरूंनी तो सहज पाळता येतो. महागडे फळ महिन्यातून एकदा आणण्यापेक्षा स्वस्त फळ रोज आणणे, यातच शहाणपण आहे.

देवापुढील फळ

शेवटी मंदिराच्या अनुषंगाने दोन शब्द. पेरू देवाला चालतो काय, असे काही भाविक आम्हांस विचारतात. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ व पाणी इतकेच मागितले आहे. फळाचे नाव सांगितलेले नाही, किंमत तर नाहीच नाही. पूजेत फुले वाहतानाही ज्या ऋतूत जी उमलतात तीच वाहण्याचा संकेत आहे. मग ज्या ऋतूत जे फळ आपल्या अंगणात पिकते, तेच त्या ऋतूचे अर्पण मानण्यास प्रत्यवाय कोणता? शिवाय नैवेद्य अखेर प्रसाद होऊन लेकराबाळांच्याच मुखी जातो. देवाला अर्पिलेल्या पेरूची एक फोड एखाद्या अशक्त मुलीच्या भाताच्या ताटात पडली, तर तो प्रसाद तिच्या देहासही लाभेल.

या हिवाळ्यात सभासद कुटुंबांनी एवढेच करावे : सफरचंद घ्यावयाचे तर आवडीने घ्यावे, रक्त वाढेल या आशेने घेऊ नये, पेरू रोजच्या जेवणात असावा, ज्याच्या परसात झाड आहे त्याने शेजारच्या घरी टोपलीभर पाठवावे, आणि ज्याच्या परसात झाड नाही पण जागा आहे, त्याने येत्या पावसाळ्यात एक चांगले कलम लावावे. तीन-चार वर्षांत ते घरच्या सर्वांना पुरेल इतके फळ देऊ लागेल. पेरूचे तबक घेऊन येण्यास मात्र कोणी संकोच करू नये. ते केळ्यांच्या आड न ठेवता पुढे ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू.